खानदेशात काचकाम शिकताना: माप, कड आणि ऊन

काचेच्या दुकानात काम शिकायला आलेला मुलगा पहिल्या दिवशी हिरकणीकडेच, म्हणजे काच कापण्याच्या हत्याराकडेच, पाहत असतो; काच कापता आली म्हणजे काम आले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात कापणे हा या धंद्यातला सर्वांत लवकर येणारा भाग आहे, आणि रोज सराव केला तर सरळ रेषेसाठी हात बसायला महिना-दीड महिना पुरतो. माप चुकल्याने, कड दुखावल्याने आणि उन्हाचा हिशेब न धरल्याने जेवढी काच वाया जाते, तेवढी हिरकणी घसरल्याने जात नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि हिवाळ्यातल्या पहाटे तो १० अंशांच्याही खाली येतो. त्यामुळे उन्हाचा हिशेब इकडे इतर अनेक ठिकाणांपेक्षा जास्त काटेकोरपणे करावा लागतो.

हे काम मुख्यतः उस्तादाच्या हाताखालीच शिकले जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम किंवा फिटर यांसारखा अभ्यासक्रम केलेल्या मुलाला गुण्या (काटकोन तपासायचे साधन), ओळंबा (उभी रेषा तपासायची वजनाची दोरी) आणि नकाशा वाचणे आधीच ठाऊक असते, त्यामुळे तो दुकानात लवकर रुळतो. पण काचेचा हात त्यालाही नव्यानेच बसवावा लागतो. दुकान निवडताना जुन्या लाकडी खिडक्यांची दुरुस्ती, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि आरसे ही तिन्ही कामे जिथे होतात ते निवडावे, कारण फक्त सरकत्या खिडक्या करणाऱ्या दुकानात दोन वर्षे काढलेल्या मुलाला पुटीचे, म्हणजे लाकडी खाचेत काच बसवायच्या लुकणाचे, काम आयुष्यभर परके राहते. आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच विचारून घ्यावा: फुटलेल्या काचेचे पैसे कोणाच्या पगारातून जातात? मी शिकत असताना एका दुकानात ते मुलांच्याच पगारातून कापले जात. परिणाम असा झाला की काच उतरवताना कडेचा टवका उडाला तर मुले तो मुकाट्याने चौकटीच्या खाचेत दडवून टाकत, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती काच गिऱ्हाइकाच्या घरी तडकत असे. दोष मुलांचा होता, असे मला आजही वाटत नाही.

पहिले तीन महिने काच उचलणे, पुसणे आणि रचणे यांतच जातात, आणि ते तसेच जावेत. काचेचे वजन डोळ्याला कळत नाही, म्हणून ते मोजायला शिकावे: एक चौरस मीटर काचेचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरला २.५ किलो भरते. म्हणजे ४ मिमी काच चौरस मीटरला १० किलो आणि चौरस फुटाला सुमारे ९३० ग्रॅम होते. दुकानाच्या दारासाठी ४ फूट बाय ७ फुटांची १२ मिमी काच मागवली तर ती सुमारे ७८ किलोंची असते; ती दोघांनी जिन्यावरून नेण्याची वस्तू नव्हे, हे गाडी दारात आल्यावर नव्हे तर भाव सांगतानाच लक्षात यायला हवे. काच नेहमी उभी न्यावी. आडवी धरलेली मोठी काच आपल्याच वजनाने मध्ये वाकते आणि तुटते. वारा सुटला असेल तर मोठी काच गच्चीवर नेऊ नये. वळवाच्या पावसाआधीचा वारा माणसासकट काच फिरवतो. निसटून पडणारी काच पकडायला मात्र कधीही हात पुढे करू नये. पाय मागे घ्यावेत आणि ती पडू द्यावी.

साठवणीत काच जमिनीला न टेकवता लाकडी पट्ट्यांवर, किंचित मागे रेलून उभी ठेवावी आणि दोन काचांमध्ये कागद घालावा. पावसाळ्यात एकमेकींना चिकटलेल्या काचांमध्ये ओल शिरली की ती काचेतला क्षार बाहेर ओढते, पृष्ठभाग खाल्ला जातो आणि पांढरट, कधी इंद्रधनुषी डाग उमटतात. हे डाग पुसून जात नाहीत. ते गिऱ्हाइकाला खिडकी बसल्यावरच दिसतात, आणि मग सगळा दोष बसवणाऱ्याच्या माथी येतो.

कापायला शिकताना दुकानातले तुकडे घ्यावेत आणि रोज पन्नास रेषा माराव्यात. टेबल सपाट असावे, त्यावर जाड कापड किंवा सतरंजी असावी. काच आधी पुसून घ्यावी, कारण खानदेशातली बारीक काळी धूळ चाकाखाली आली की रेषा तिथे तुटते. आजची हिरकणी म्हणजे बहुतेक वेळा हिरा नसतो. कठीण धातूचे छोटे चाक असते, पण नाव जुनेच टिकले आहे. चाकाला रॉकेलचा किंवा पातळ तेलाचा थेंब द्यावा, चाक काचेवर सरळ उभे धरावे आणि पलीकडच्या कडेपासून आपल्याकडे एकाच दमात, एकाच दाबाने ओढावे. रेषेचा आवाज सलग आणि बारीक यायला हवा. भुकटी उडाली तर दाब जास्त झाला. मध्येच आवाज बंद झाला तर दाब तुटला. काहीही झाले तरी त्याच रेषेवरून पुन्हा हिरकणी फिरवायची नाही, कारण त्याने रेषा सुधारत नाही आणि चाकही बोथट होते. आपण मारलेली रेषा म्हणजे काच कापणे नव्हे, ती काचेला दिलेली चीर आहे. काच तुटते ती चिरेच्या मार्गाने, वाकवल्यावर. म्हणून रेषा मारल्यावर चहाला जाऊ नये. लगेच रेषेखाली काडी किंवा टेबलाची कड घेऊन दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्यावा. बारीक पट्टी काढायची असेल तर पकड वापरावी. रेषा मारताना धरलेल्या मोजपट्टीच्या काठापासून चाकापर्यंतचे अंतर दोन-तीन मिलिमीटर असते आणि ते प्रत्येक हिरकणीचे वेगळे असते. आपल्या हिरकणीचे अंतर एकदा मोजून मनात पक्के करावे, म्हणजे प्रत्येक तावदान तेवढ्याच फरकाने लहान होणार नाही.

कापल्यानंतरचे काम कडेचे. काच दाबाला भक्कम आणि ताणाला कच्ची असते. ताण आला की ती सर्वांत वाईट ओरखड्यापासून फाटते, आणि असे ओरखडे बहुतेक कडेवरच असतात. त्यामुळे कापलेली काच खाचेत झाकली जाणार असली तरी तिच्या धारेवरून ओल्या घासदगडाने किंवा पॉलिश कागदाने हलका हात फिरवावा. कोरडे घासू नये. त्यातून उडणारी भुकटी फुप्फुसात जाते. कडेला शिंपल्याच्या आकाराचा टवका उडाला असेल तर तो तुकडा मोठ्या खिडकीसाठी बाजूला ठेवून त्यातून लहान तावदाने काढावीत.

आता मापाकडे येतो, कारण खरे नुकसान इथे होते. नव्या इमारतीतल्या खिडक्याही गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असतीलच असे नाही. अमळनेर, चोपडा, धुळे इथल्या जुन्या वाड्यांत तर एकही चौकट गुण्यात सापडणार नाही, असे समजूनच टेप उघडावा. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी, उंचीही तीन ठिकाणी, आणि मग दोन्ही कर्ण मोजावेत. समजा, रुंदी ४५२, ४५० आणि ४४८ मिमी आली. काच ४४८ला धरायची आणि त्यातून सुट, म्हणजे काच आणि चौकट यांच्यात सोडायची मोकळी जागा, वजा करायची. जुन्या लाकडी झडपेतल्या लहान तावदानाला एकूण ३ ते ४ मिमी सुट पुरते, म्हणजे काच ४४४ किंवा ४४५ची कापावी. अ‍ॅल्युमिनियममधल्या मोठ्या काचेला प्रत्येक बाजूला निदान ३ मिमी मोकळे हवेत. दोन कर्णांत ४ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर केवळ आकड्यांवर विसंबू नये. पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा साचा कापून, खाचेत बसवून बघावा आणि त्यावर आतली बाजू कोणती हे लिहून ठेवावे. मी एका वाड्यात पहिल्यांदा एकट्याने माप घेतले तेव्हा चौदा तावदाने एकसारखी दिसली, म्हणून एकच मोजले आणि चौदा कापून नेली. त्यांतली पाच बसली.

माप मिलिमीटरमध्येच लिहावे. सुताराशी बोलताना इंच आणि सूत चालतात, एका इंचात आठ सूत हे त्याला तोंडपाठ असते. पण एक सूत म्हणजे ३ मिमीहून थोडे अधिक, आणि आपली सगळी सुट तेवढीच असते. आधी रुंदी, मग उंची, हा क्रम आयुष्यात बदलू नये. नक्षीदार काच असेल तर नक्षी उभी की आडवी, हे मापाशेजारीच लिहावे. माप खाचेच्या आतून घेतले की दिसणाऱ्या भागाचे, हेही लिहावे, कारण संध्याकाळी दुकानात ते आठवत नाही.

जुन्या लाकडी झडपेत तावदान बदलताना वाळलेली पुटी पटाशीने हळूहळू काढावी. वाड्यांवरच्या जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा घालणारे नियम २०१६चे आहेत, त्यामुळे त्याआधीचे थर पाणी मारून, तोंडाला मास्क लावूनच खरवडावेत आणि भुकटी अंगणात झाडू नये. खाच मोकळी झाल्यावर तिला प्रायमरचा एक हात द्यावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग कोरडे लाकूड पुटीतले तेल शोषून घेते, पुटी वर्षभरात सुटून पडते. खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेली पुटी कणकेसारखी, हाताला न चिकटणारी असावी. खाचेत दोन-तीन मिलिमीटरचा थर द्यावा, त्यावर काच ठेवावी आणि कडांवर दाबावी; मध्यावर दाबली तर ती तुमच्या तळहातातच फुटेल. नंतर बारीक चुका (छोटे खिळे) काचेला न टेकवता लाकडात ठोकून काच अडकवावी आणि बाहेरून पुटीचा उतार असा काढावा की पावसाचे पाणी काचेवरून घसरून खाली जाईल. उन्हाळ्यात हे काम सकाळी नऊच्या आत करावे, कारण दुपारच्या उन्हात पुटीची वरची साय लगेच वाळते, आत ती मऊच राहते आणि तिला भेगा पडतात. रंग एक-दोन आठवड्यांनी द्यावा आणि तो काचेवर दोन मिलिमीटर चढू द्यावा. तेवढीच पट्टी पाणी रोखते. पावसाळ्यात लाकूड फुगते, झडप अडकते आणि कोणीतरी ती खांद्याने ढकलते, त्यात तावदान जाते. म्हणून काच बसवण्याआधीच झडप रंधून सैल करून घ्यावी.

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत, सेक्शन (चौकटीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी) पाऊण इंची असो, एक इंची असो किंवा डोमल नावाच्या प्रकारची, तत्त्व एकच: काच धातूला कुठेही टेकता कामा नये. बाजूंना गास्केट (रबरी पट्टी) आणि खाली रबराचे दोन ठोकळे हवेत, आणि हे ठोकळे कोपऱ्यात नव्हे तर दोन्ही टोकांपासून रुंदीच्या पाव अंतरावर ठेवावेत. ट्रॅकच्या खालची पाणी जाण्याची भोके सिलिकॉनने बुजवू नयेत. हे सांगण्याची गरज पडू नये, पण दर पावसाळ्यात पडते.

सुट का सोडायची, हे इथे नीट समजून घ्यावे. तापमान एका अंशाने वाढले की अ‍ॅल्युमिनियम काचेच्या अडीचपट फुगते. दोन मीटर रुंदीची चौकट मेच्या दुपारी ६० अंशांपर्यंत तापली आहे आणि तुम्ही तिच्यात काच अगदी घट्ट बसवली आहे, असे धरा. डिसेंबरच्या पहाटे तीच चौकट १० अंशांवर येते तेव्हा अ‍ॅल्युमिनियम २.३ मिमीने आकसते, काच मात्र ०.९ मिमीनेच. राहिलेल्या १.४ मिमीसाठी चौकट काचेला दोन्ही बाजूंनी आवळते. गिऱ्हाईक म्हणते, कोणी हातही लावला नाही आणि काच आपोआप तडकली. ते खरे सांगत असते.

उन्हाचा दुसरा घाव वेगळ्या प्रकारे बसतो. पश्चिमेकडच्या दुकानाला गडद रंगाची काच लावली, तिच्या अर्ध्या भागावर छज्जाची सावली पडते, आत जाड पडदा आहे आणि एसी चालू आहे. अशा काचेचा मधला भाग तापून फुगू पाहतो आणि चौकटीत दडलेली थंड कड त्याला फुगू देत नाही. साध्या काचेत मध्य आणि कड यांच्या तापमानातला फरक ४० अंशांच्या जवळ गेला की ती तडकण्याचा धोका उभा राहतो, आणि कडेला टवका असेल तर त्याच्या बऱ्याच आधी. अशा जागी टफन (भट्टीत तापवून बळकट केलेली) काच सुचवावी, आणि गिऱ्हाइकाला ती महाग वाटली तर निदान फिक्या रंगाची काच घ्यायला सांगावे. गडद काचेवर आतून आणखी काळी फिल्म चिकटवण्याचे काम मी स्वतः घेत नाही.

फुटलेली काच वाचता आली तर निम्मे वाद मिटतात. तडा कडेपासून काटकोनात निघून पुढे नागमोडी गेला असेल तर ते उष्णतेचे काम. तडा जिथून सुरू होतो तिथे शिंपल्यासारखा टवका असेल तर काच वाहतुकीत किंवा बसवताना दुखावली होती. मध्यावर चांदणी असेल तर कोणीतरी काही मारले. तुकडे उचलण्याआधी फोटो काढून ठेवावा.

टफन काच म्हणजे साधी काच भट्टीत ६२० अंशांच्या पुढे तापवून जोरदार वाऱ्याने एकदम थंड केलेली. ती साध्या काचेच्या चार ते पाच पट बळकट असते आणि फुटली तर तिचे बोथट बारीक दाणे होतात. तिला नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही आणि कड घासून कमीही करता येत नाही. म्हणून बिजागरी, कुलूप, हँडल यांची सगळी भोके नकाशावर दाखवूनच ऑर्डर द्यावी आणि माप दोनदा घ्यावे, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून. काचेच्या कोपऱ्यावरचा शिक्का आणि सुरक्षा काचेसाठी असलेल्या आयएस २५५३ या भारतीय मानकाचा उल्लेख माल उतरवतानाच पाहावा. दारे, बाथरूम, जिन्याचे कठडे आणि जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडक्या यांना साधी काच लावू नये. डोक्यावरच्या काचेला मात्र नुसती टफन पुरत नाही. तिथे दोन काचांमध्ये पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच लागते, कारण ती फुटली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात.

आरशासाठी सिलिकॉन घेताना वास घेऊन पाहावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन आरशामागचा चंदेरी थर खाते आणि सहा महिन्यांत काळे डाग दिसू लागतात. आरशासाठी न्यूट्रल सिलिकॉनच मागावे. सिलिकॉन हवेतली ओल घेऊन घट्ट होते, ही गोष्ट आपल्याकडे फार जणांना माहीत नसते. मेच्या कोरड्या हवेत ते लवकर वाळेल असा समज असतो, प्रत्यक्षात ते उलट उशिरा जमते. म्हणून उन्हाळ्यात बसवलेल्या काचेला किमान एक पूर्ण दिवस, जाड सांध्याला त्याहून अधिक, हात लावू देऊ नये, आणि तापलेल्या चौकटीवर सिलिकॉन ओढू नये. लावण्याआधी एका फडक्याने स्पिरिट लावावे आणि ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसावे. एकाच फडक्याने धूळ फक्त इकडून तिकडे जाते.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटपट्टी, बंद बूट आणि फोडताना चष्मा, एवढे रोज हवे. उकाड्यात मोजे नकोसे होतात हे मान्य आहे, पण घामाने ओल्या झालेल्या उघड्या हातातून काच जास्त सहज निसटते. मनगटाला खोल कापले तर स्वच्छ फडके घट्ट दाबून हात वर धरावा आणि तसेच दवाखान्यात जावे. रुतलेला तुकडा स्वतः उपसू नये, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारावे.

अठरा वर्षे पूर्ण झाली की महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी. मंडळाच्या कामांच्या यादीत ‘काच कापणे, काचरोगण लावणे व काचेची तावदाने बसविणे’ हे काम आहे, तरी बहुतेक काचकारागिरांना आपण बांधकाम कामगार आहोत हेच ठाऊक नसते. वय १८ ते ६० आणि आधीच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र, या मुख्य अटी आहेत. तीन-चार ठिकाणी रोजंदारीने जाणाऱ्या मुलाने प्रत्येक ठिकाणचे दिवस वहीत लिहून त्यावर ठेकेदाराची सही त्याच आठवड्यात घ्यावी, कारण काम संपल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही. त्यासाठी वेगळी वही करायची गरज नाही; मापांची वही उलटी धरून शेवटच्या पानापासून लिहायला सुरुवात करावी.